बिनपैशाची निवडणूक आणि मी

निवडणूक संपली की फ्लेक्स उतरतात, पेंडॉलवाला आपल्या खुर्च्या घेऊन जातो, गुलाल दोन आंघोळीत निघतो. किस्से मात्र कोणीच परत न्यायला येत नाही. ते घरातच पडून राहतात. पाहुणा आला की एक काढायचा, लग्नाच्या पंगतीत बसलं की दुसरा. गजूच्या चहाटपरीवर तर आता अशी अवस्था आहे, की मी तोंड उघडायच्या आधीच कोणीतरी ओरडतं, "अरुणभाऊ, तो पेट्रोलवाला सांगा!" मग मी सांगतो. फजिती माझी, सांगणारा मी, आणि चहाचे पैसे देणाराही मीच!

आधी ओळख करून देतो. मी विमा एजंट. गाव वर्ध्याच्या अंगाला, सावंगीच्या पलीकडे. निम्मं शेत, निम्मं प्लॉट पाडलेलं ले-आऊट. बायको वंदना भाजीपाल्याची शेती करते. म्हणजे खरोखर तीच करते, मी फक्त सातबाऱ्यावर आहे. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि तिनं फॉर्म भरला तो पांदण रस्त्यासाठी. आमच्या वावरांकडे जाणारा हा रस्ता पावसाळ्यात असा होतो, की वांग्यांचं बाजारात पोचेपर्यंत भरीत व्हायचंच बाकी राहतं. प्रत्येक सरपंच मुरूम टाकतो म्हणतो आणि मुरूम पडतो ले-आऊटमध्ये.

समोर उभ्या होत्या बंडूभाऊंच्या सौभाग्यवती. बंडूभाऊ प्लॉटवाले. त्यांच्याकडे पैसा किती, हे त्यांनाही नक्की माहीत नसावं. वंदनानं पहिल्याच दिवशी मला समोर बसवून सांगितलं, "एक रुपया वाटाचा नाई. वाटला अन् मले समजलं, तर मी सोता चौकात माइक घेऊन सांगन."

मी म्हणालो, "अर्थातच!" असं म्हणायला काही पैसे पडत नाहीत.

*

पहिली मीटिंग गजूच्या टपरीवर झाली. विषय होता बिनपैशाची निवडणूक. प्रास्ताविक मी केलं. "लोकशाही ही काही बाजारातली वस्तू नाही," हे वाक्य मी आदल्या दिवशी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणून लोक थांबले, थांबले म्हणून तर्री-पोहे आले, तर्रीवर चहा आला आणि चहावर तंबाखू-सुपारीचा खर्रा आला.

जाताना एकेक जण माझा हात हातात घेऊन सांगत होता, "भाऊ, या खेपेले पैसा चालनच नाई गावात. तुमी बेफिकीर राहा." मला अगदी भरून आलं. शेवटी टपरीवर मी आणि गजू दोघंच उरलो.

गजू कढई खरवडता खरवडता म्हणाला, "भाऊ, बिनपैशाचे सातशे चाळीस झाले."

घरी गेल्यावर वंदनानं विचारलं, "कशी झाली मीटिंग?"

मी म्हणालो, "चहा म्हणजे काही पैसा नव्हे."

तिला काहीच समजलं नाही. पण ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

*

फ्लेक्सची आयडिया निलेशची. निलेश आमचा मित्र, सिंदी मेघेला त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. तो म्हणाला, "भाऊ, तुमी एक पैसा खर्च नोका करू. शुभेच्छुकाईवर टाका. ज्याले फोटो पायजे त्यानं पैसे द्याचे. जेवढे पैसे तेवढा फोटो."

मला ही पद्धत फारच न्याय्य वाटली. शुभेच्छुक निघाले भरपूर. सगळ्यांचे फोटो तेच, कानाला मोबाईल लावलेले, कुठेतरी लांब पाहणारे. तरीही पैसे थोडे कमी पडले. ते मी भरले. आता मी भरले म्हटल्यावर निलेशनं नियमाप्रमाणे माझा फोटो सगळ्यात मोठा टाकला. एजंटांच्या संमेलनात काढलेला होता, ब्लेझर घालून हात जोडलेला. मला आवडायचा तो फोटो, खोटं कशाला बोलू!

फ्लेक्स चौकात लागला. मी सहज म्हणून खाली जाऊन उभा राहिलो. दामाजीकाका काठी टेकत आले, बराच वेळ वर पाहत राहिले आणि म्हणाले, "अरुण, हे सीट बाईची हाय नं रे?"

"हो काका."

"मंग तू काऊन उभा राह्यला?"

तेवढ्यात वंदना बाजारातून रिकाम्या टोपल्या घेऊन ऑटोतून उतरली. तिनं फ्लेक्स नीट पाहिला. तिचा फोटो खालच्या कोपऱ्यात होता, राशन कार्डावरचा.

"यात माह्या फोटोचे किती पडले?" तिनं विचारलं.

"तुझा फ्री होता," मी उदारपणे म्हणालो.

"दिसूनच राह्यलं," ती म्हणाली आणि टोपल्या उचलून घरी गेली.

*

प्रचार चालू असला तरी वंदना बाजार चुकवायची नाही. सकाळी वर्ध्याला भाजी, दुपारी वावर, संध्याकाळी प्रचार. एकदा मीही तिच्यासोबत बाजारात जाऊन बसलो. म्हटलं, जनसंपर्क!

आमच्याच गल्लीतल्या एक काकू आल्या. कोथिंबिरीची जुडी उचलली आणि म्हणाल्या, "आता तर तू सरपंच होऊन राह्यली. हे एक जुडी अशीच दे."

मी मागून डोळ्यांनी खूप खुणा केल्या. कोथिंबीर म्हणजे काही पैसा नव्हे!

वंदना म्हणाली, "काकू, अशीच देली तर मत इकत घेतल्यासारखं होते. दहा रुपये द्या."

काकूंनी जुडी अशी टाकली की चार काड्या मोडल्या. त्या गेल्यावर मी डोक्याला हात लावला. "अगं, दहा रुपयांसाठी अख्खं मत घालवलं तू!"

"दहा रुपयात जाणारं मत होतं ते," ती म्हणाली. "जाऊ द्या. तुमी जरा बाजूले सरका, टमाट्यावर बसून राह्यले."

पुढं काकूंनी गावभर सांगितलं, की ही बाई सरपंच झाली तर कोणाला काही फुकट द्यायची नाही. माझ्या फ्लेक्सनं जे केलं नाही ते काकूंनी केलं. ज्यांच्या वाट्याचा मुरूम दरवेळी दुसरीकडे जायचा, त्या लोकांनी कान टवकारले. पण हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी टोमॅटोचे डाग धुत बसलो होतो.

*

समोरून साड्या सुटल्या. जांभळ्या रंगाच्या, सोनेरी काठाच्या, सगळ्या एकाच गठ्ठ्यातल्या. बंडूभाऊंची पोरं मतदार यादी हातात घेऊन घरोघरी देत सुटली होती.

दोन दिवसांनी समाजमंदिरासमोर आमची सभा होती. बायांची गर्दी पाहून माझी छाती फुगली. मग स्टेजवर चढून पाहिलं तर समोर सगळं जांभळंच जांभळं! सभा आमची, साड्या त्यांच्या. आणि दुसऱ्या रांगेत, पदर नीट सावरून, आमची आई!

मी स्टेजवरून उतरून गेलो. "आई, तू पण?"

"यादीत नाव होतं म्हने माह्यं. नाई कसं म्हनू?"

"अगं, पण ही त्यांची साडी आहे!"

"साडी त्याईची, मत सुनेचं. कापड चांगलं हाय, पाह्य बरं हात लावून."

मी हात लावून पाहिलं. कापड खरंच चांगलं होतं.

"वंदनाच्या नावाची बी आलती," आई पुढं म्हणाली. "तिनं वापस धाडली. लय हट्टी हाय!"

म्हणजे यादी घेऊन निघालेल्या पोरांनी विरोधी उमेदवारालाही साडी दिली होती. इतकी चोख व्यवस्था आमच्याकडे असती तर! मला वाटलं, आता वंदना स्टेजवरून बायांना फैलावर घेणार. पण ती माइकपाशी गेली, सगळ्यांकडे पाहून हसली आणि म्हणाली, "साड्या मस्त दिसून राह्यल्या बाप्पा सगळ्याईवर! नेसा, मिरवा. फक्त पांदण रस्त्यानं नोका जाऊ या नेसून."

त्या दिवशीच्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. माझं लिहून आणलेलं भाषण तसंच खिशात राहिलं.

*

आता तो पेट्रोलवाला.

बंडूभाऊंची मोटारसायकल रॅली ठरली. निलेश म्हणाला, आपलीही पाहिजे, नाहीतर हवा जाते. मी विचार केला, पेट्रोल म्हणजे काही पैसा नव्हे, ती वाहतूक आहे. वंदनाला न सांगता पंपवाल्याशी बोललो आणि पोरांना चिठ्ठ्या दिल्या. गाडीमागे एक लिटर. पोरांनी रांग लावून भरलं, "काका जिंदाबाद!" म्हणाले.

रविवारी सकाळी चौकात पोचलो तर गाड्या मोजायला एक हात पुरला. त्यातही एक दूधवाला होता. तो रॅलीत नव्हता, दूध घालायला थांबला होता.

निघालो तसेच. वळणावर समोरून बंडूभाऊंची रॅली आली. ही लांब! हॉर्न, झेंडे, धुरळा. आणि सगळे चेहरे ओळखीचे. एका पोरानं मला पाहून अगदी प्रेमानं हात हलवला. मी त्याला थांबवलं.

"अरे, पेट्रोल तर आमचं भरलं ना तू?"

"हो काका. म्हनून तर जमलं!" तो म्हणाला. "त्याईनं अर्धाच लिटर देल्लं. तेवढ्यात कुठं पूर्ण रॅली झाली असती?"

*

बंडूभाऊंच्या शेतात मटणाची पंगत होती. मी पाहणीला गेलो होतो. पाहणीलाच! समोरचा काय खर्च करतो हे उमेदवाराच्या नवऱ्याला माहीत नको? झाडाआड उभं राहून पाहायचं ठरवलं होतं, पण वास फार लांबवर येत होता.

बंडूभाऊंनीच मला पाहिलं. "अरे अरुणभाऊ! लाजता काऊन? इकडं या!" हाताला धरून पंगतीत बसवलं, स्वतः वाढलं. माणूस दिलदार, त्यात वाद नाही. मी घरी पोचायच्या आधी गावाच्या ग्रुपवर माझा फोटो पोचला होता. तोंडात मटणाची नळी, डोळे मिटलेले. खाली लिहिलं होतं, "विरोधी गटाचाही पाठिंबा!"

वंदना दारातच मोबाईल घेऊन उभी होती.

"रस्सा कसा होता?"

"तिखट," मी म्हणालो.

"मंग आजपासून निकालापर्यंत दोडके."

आणि खरंच दोडके! घरचेच होते, संपतही नव्हते.

*

निकाल सांगून टाकतो, नाहीतर तुमचं लक्ष तिकडेच राहील. वंदना जिंकली. नऊ मतांनी. मोजणी संपली तेव्हा ती खुर्चीवर बसून पदरात तोंड लपवून रडली आणि मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडलो. आता पांदण रस्त्यावर नाल्यापर्यंत मुरूम पडला आहे. पुढचा पण पडेल.

नंतर बचत गटाच्या बायांनी सत्कार ठेवला. वंदनाचा केला आणि मग मलाही शाल-श्रीफळ. सूत्रसंचालन करणाऱ्या ताई माइकवर म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी समोरून पाचशेच्या नोटा सुटल्या. पण अरुणभाऊ डगमगले नाहीत. या घरातून एक रुपयासुद्धा बाहेर पडला नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून, तत्त्वनिष्ठ माणूस जसा उभा राहतो तसा उभा राहिलो. सगळ्यात जास्त वेळ टाळ्या वंदना वाजवत होती. माझ्याकडे पाहत. इतका वेळ, की शेवटी बाकीच्यांना पुन्हा सुरू कराव्या लागल्या.

ती टाळी कसली होती, त्यासाठी हा शेवटचा ऐका.

*

मतदानाच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला निलेश धापा टाकत आला. "भाऊ, त्याईच्या पाचशेच्या सुटल्या! मागच्या गल्लीतले घरं हालून राह्यले. आता काई केलं नाई तर वहिनी गेल्या."

मी घरात पाहिलं. वंदना ओसरीत मेथी निवडत बसली होती. दिवसभर पायी फिरलेली, दुपारचं जेवलेली नव्हती. "हारलो तरी चालन," असं ती सकाळीच म्हणाली होती, पण म्हणताना माझ्याकडे पाहत नव्हती. मला ती हरलेली बघवली नसती. खरं कारण एवढंच. बाकी सगळी कारणं मी नंतर तयार केली.

मागच्या खोलीत जाऊन माझ्या कमिशनचे पैसे काढले. साधी पाकिटं घरात नव्हती, दिवाळीला ग्राहकांना द्यायला केलेली उरली होती, त्यांतच एकेक पाचशेची नोट घातली. पाकिटं माझ्या रोजच्या काळ्या बॅगेत भरली आणि निघालो. छाती अशी धडधडत होती, जणू विमा मलाच काढायचा आहे.

पहिल्या घराचं दार उघडं होतं. मी फाटक लोटलं आणि दार लागलं. आतला टीव्ही बंद झाला. मी कडी वाजवली. आतून बाईचा आवाज आला, "हे घरी नाईत!" पाठोपाठ पुरुषाचा दबका आवाज, "सांग, नागपूरले गेले."

दुसऱ्या घरी मालक अंगणातच होते. मला पाहून गोठ्यात शिरले आणि तिथूनच ओरडले, "भाऊ, कापूस इकला की दोन्ही हप्ते संगच भरतो! देवाशपथ!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काळी बॅग घेऊन, संध्याकाळच्या वेळी, मी दारात! लोकांना वाटलं, निवडणुकीच्या गडबडीतही हा हप्ता वसूल करायला निघाला. आणि माझी पंचाईत अशी, की मी पैसे मागायला नाही, द्यायला आलोय, हे मोठ्यानं सांगता येईना. पोलिसांची गाडी गावात फिरत होती!

"अहो, उघडा तर खरं! तुमच्या फायद्याचं आहे!" मी एका खिडकीशी कुजबुजलो.

"मागच्या खेपेलेबी असंच म्हनत होते तुमी!" आतून उत्तर आलं आणि खिडकी लागली.

मी पुढं सरकलो तसे गल्लीतले दिवे एकेक करून विझत गेले. इतकी वर्षं या गावाला मी भविष्याची काळजी करायला शिकवलं होतं, त्याचं हे फळ!

गल्लीच्या टोकाला कुंदाताईंचं घर. कुंदाताई सावंगीच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. दारावर निळी पताका, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, घर आरशासारखं स्वच्छ. त्यांनी माझ्याकडून कधी पॉलिसी घेतली नाही, म्हणून त्यांनी दार उघडलं. बसवलं, पाणी दिलं. मी पाकीट टीपॉयवर सरकवलं.

"काय हाय हे?"

"काही नाही ताई. आपल्या... शुभेच्छा."

त्यांनी नोट अर्धी बाहेर काढून पाहिली आणि परत आत सरकवली. "वंदनाले माहीत हाय?"

मी पाणी प्यायलो. ग्लास रिकामा झाला तरी पीत राहिलो.

कुंदाताईंनी चपला घातल्या. "चला."

"कुठं?"

"तुमच्या घरी."

बाह्या वर करा, असं म्हणण्याची सवय असलेला तो आवाज. मी बॅग घेऊन त्यांच्या मागोमाग निघालो.

वंदना अजून मेथीच्या जुड्या बांधत होती. कुंदाताईंनी पाकीट तिच्यासमोर ठेवलं. "वंदना, हे पाचशे. तुह्या निवडणुकीसाठी."

वंदनाचे हात थांबले. अख्ख्या निवडणुकीत आमच्याकडून सगळ्यांनी नेलंच होतं. देणगीसाठी छापलेल्या पावती बुकातली एक पावती फाटली नव्हती. तिचे डोळे भरून आले. "ताई, तुमी काऊन..."

"घे. माह्या भावाचं वावर बी त्याच पांदणीवर हाय."

वंदनानं हात पदराला पुसले, पाकीट उचललं, कपाळाला लावलं आणि उलटं करून पाहिलं. दुसऱ्या बाजूनं ब्लेझर घालून, हात जोडून, मी हसत होतो. खाली छापलं होतं, "शुभ दीपावली! सदैव आपल्या पाठीशी."

तिनं फोटोकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. बॅगेकडे पाहिलं. कुंदाताई पंख्याकडे पाहत होत्या. मी मेथीकडे.

"पावती बुक काढा," वंदना म्हणाली.

मी काढलं. पेन चालेना. कुंदाताईंनी आपला दिला.

"कोणाच्या नावानं लिहू?" मी विचारलं.

वंदनानं पुढची जुडी उचलली, दोऱ्याचा वेढा घट्ट ओढला आणि म्हणाली, "फोटो हाय नं पाकिटावर. त्याच्याच नावानं फाडा. अन् बॅगेत जेवढे उरले असतीन, त्या सगळ्याईच्या बी."